‘आपल्यात असं करत नाहीत’: मरणाविषयीची नीती कशी बदलते

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडच्या एका ताईंचे वडील, वय 78, मेंदूत मोठा रक्तस्राव झाल्यापासून तीन आठवडे व्हेंटिलेटरवर आहेत. शुद्ध नाही. गळ्यातून दीर्घकाळासाठी श्वासाची नळी बसवायची, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी करायची, की आता थांबायचं, असं डॉक्टरांनी घरच्यांना विचारलं आहे. आत्या म्हणतात, ‘मशीन काढणं म्हणजे खून. आपल्यात असं करत नाहीत.’ धाकटा भाऊ म्हणतो, ‘काळ बदललाय.’ ताईंना कळत नाही की जगण्यामरण्याविषयीची नीती खरोखर काळाप्रमाणे बदलते, की माणसं ती आपल्या सोयीने बदलून घेतात.

मी मुंबईत आयसीयूत आणि पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बरा न होणाऱ्या रुग्णाचा त्रास कमी करण्याच्या कामात, डॉक्टर म्हणून राहिलो आहे, त्यामुळे हे वाक्य, ‘आपल्यात असं करत नाहीत’, मला फार जवळचं आहे. माझं उत्तर असं: नीती बदलते हेही खरं आणि सोयीने बदलून घेतली जाते हेही खरं. या दोन्हींत फरक करायला मी एकच गोष्ट बघतो. बदलामुळे हायसं कुणाला वाटलं, जो जातोय त्याला की भोवती उभ्या असलेल्यांना?

आधी आत्यांच्या वाक्याकडे येतो, कारण त्यांचा आदर राखूनच हे बोलायला हवं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोकणात काय, घाटावर काय, माणूस जायला टेकला की घरातलं जाणतं माणूस म्हणायचं, ‘आता खाली घ्या.’ जमीन सारवायची, घोंगडी किंवा दर्भ अंथरायचा, खाटेवरून त्याला अलगद खाली घ्यायचं, तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान ठेवायचं. तिथून पुढे औषध नाही, काढा नाही. जवळ बसायचं आणि नाव घ्यायचं. कुणी त्याला खून म्हणालं नाही. चरकसंहितेत तर इंद्रियस्थान नावाचा अख्खा भाग मरण जवळ आल्याच्या खुणांचा, अरिष्टलक्षणांचा आहे. कोणता रोग साध्य आणि कोणता असाध्य हे ओळखणं वैद्याच्या विद्येतच धरलेलं होतं. ‘अनायासेन मरणं विना दैन्येन जीवनम्’ हा श्लोक आत्यांनीही देवळातून निघताना कधीतरी म्हटला असेल. म्हणजे थांबायची वेळ ओळखणं आपल्यात होतं. ते ओळखणारं माणूसही घरातच असायचं.

मग ते गेलं कुठे? मशीन आलं आणि ‘खाली घ्या’ म्हणायचा क्षणच पुसला गेला.

याचा इतिहास फार जुना नाही. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या गळ्यातून नळी घालून हाताने पिशवी दाबत हवा द्यायची, ही पद्धत ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुरू केली. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून दिवसरात्र पिशव्या दाबत बसायचे. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली. तो निखळ विजय होता, कारण त्यातले कितीतरी रुग्ण बरे होऊन घरी जाणारे होते. पण पाचच वर्षांत भूलतज्ज्ञांना वेगळाच रुग्ण दिसू लागला: श्वास मशीनचा, मेंदू गेलेला, परत येण्याची आशा नाही. हे मशीन बंद करायचं का? 1957 मध्ये डॉक्टरांनी हा प्रश्न थेट पोप पायस बारावे यांना विचारला. कॅथलिक चर्च जिवाच्या बाबतीत किती कडक, हे वांद्र्याच्या कुठल्याही चर्चमध्ये समजेल. त्या चर्चच्या प्रमुखाने उत्तर दिलं की असाधारण उपाय करत राहण्याचं बंधन रुग्णावर किंवा डॉक्टरवर नाही, आणि मृत्यू कधी झाला हे ठरवणं वैद्यकाचं काम आहे. जीव पवित्र आहे ही श्रद्धा पोपने सोडली नव्हती. परिस्थिती नवी होती, म्हणून जुन्या श्रद्धेला नव्याने बोलावं लागलं.

मी जे जे बदल वाचले आणि पाहिले त्यांतल्या बहुतेकांचा आकार असाच आहे. मूल्य तेच राहतं, त्याच्यासमोर कधी नव्हती अशी वस्तू येऊन उभी राहते. जे लोक त्या वस्तूला रोज हात लावतात ते आधी बदलतात आणि कायदा पुष्कळ उशिरा येतो.

किती उशिरा, ते आपल्या परळमध्येच बघा. डिसेंबर 1967 मध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केपटाऊनला माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केलं, आणि फेब्रुवारी 1968 मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते केईएममध्ये केलं. रुग्ण काही तासच जगला. पण त्या क्षणी आपल्याकडे ‘ब्रेन डेथ’ असं कायद्यात काहीच नव्हतं. हृदय थांबलं की मरण, एवढंच. मेंदू मेला म्हणजे माणूस गेला, हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मांडलं ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आणि भारताच्या कायद्यात ते आलं 1994 साली. मधली सव्वीस वर्षं आमच्या आधीच्या पिढीचे डॉक्टर धडधडत्या हृदयाच्या मृत माणसासमोर कायद्याच्या आधाराशिवाय उभे होते. आज मुंबईत एखादं कुटुंब अवयवदान करतं तेव्हा सोसायटीच्या बोर्डावर अभिमानाने लिहिलं जातं. ‘पुढच्या जन्मी आंधळा जन्माला येईल’ म्हणून नेत्रदानाला नकार देणारी घरं मी पाहिली आहेत. त्याच घरांतली पुढची पिढी आता स्वतः फोन करते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण गोंधळ इथेच होतो. ताई, तुमच्या वडिलांना ब्रेन डेथ झालेली नाही. ब्रेन डेथमध्ये मेंदूचा बुंधा पूर्ण मेलेला असतो, मशीन थोडा वेळ काढून पाहिलं तरी श्वास घेण्याचा प्रयत्न शून्य असतो, आणि चार डॉक्टर सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तसं प्रमाणपत्र देतात. ते कायद्याने मरणच आहे. तुमचे वडील जिवंत आहेत. म्हणूनच तुमचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि आत्यांचा धसका खोटा नाही.

अशा जिवंत पण परत न येणाऱ्या माणसाचा प्रश्न या शहराने एका बाईमुळे बेचाळीस वर्षं डोळ्यांसमोर ठेवला. अरुणा शानबाग केईएममध्ये परिचारिका होत्या. 27 नोव्हेंबर 1973 ला रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि 18 मे 2015 ला त्या गेल्या तोवर त्यांनी तिथलाच एक पलंग धरून दिवस काढले. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांचं जबरदस्तीचं खाणं थांबवून त्यांना जाऊ द्यावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. केईएमच्या परिचारिका ठामपणे विरोधात उभ्या राहिल्या. ‘आमच्या आहेत, आम्ही सांभाळू,’ हा त्यांचा सूर होता. त्यातल्या कितीतरी जणी अरुणा नोकरीला होत्या तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. पिढ्यामागून पिढ्या त्या अंथरुणाला खिळलेल्या देहाची कूस बदलत राहिल्या, भरवत राहिल्या.

7 मार्च 2011 ला न्यायालयाने याचिका फेटाळली. अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे असं मानलं. त्याच निकालात मात्र, उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवता येतील, असा दरवाजा देशात पहिल्यांदा उघडला. मला या प्रकरणात कुणीच खलनायक वाटत नाही. दोन्ही बाजू त्या बाईच्या बाजूच्या होत्या. अरुणा व्हेंटिलेटरवर नव्हत्या, वर्षानुवर्षं तोंडाने मऊ केलेलं अन्न घेत आल्या होत्या. तिथे काढायचं मशीनच नव्हतं, थांबवायचा तो घास. परिचारिकांच्या हाताला ते पटणं शक्य नव्हतं, आणि माझ्या मते त्यांचं म्हणणं खरं होतं. तरीही विराणींनी प्रश्न विचारला नसता तर आज तुमच्या वडिलांच्या डॉक्टरांना ‘थांबायचं का’ हे उघडपणे विचारता आलं नसतं. समाजाचं मत बदलतं ते बऱ्याचदा असं, प्रेमाच्या दोन रीती एकमेकींसमोर उभ्या राहून.

त्या आधीही मुंबईत हे बोलणारी माणसं होती. स्वतंत्र पक्षाचे एकेकाळचे नेते मिनू मसानी यांनी 1981 मध्ये इथे सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. 1986 मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारी जागा. दोन्हींचे रस्ते वेगळे, पण शेवटच्या दिवसांकडे बघायला हवं हे दोघांनी दशकभराच्या आत सांगितलं. दुर्दैव असं की 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे त्याच काळात मॉर्फिन मिळणंच मुश्किल झालं. परवान्यांच्या जंजाळामुळे बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणं सोडलं आणि कॅन्सरचे रुग्ण कण्हत गेले. 2014 साली तो कायदा सैल केला गेला. माणसाला वेदनेत मरू देणं योग्य आहे, असं या देशात कुणी ठरवलेलं नव्हतं. तरी तीस वर्षं तसं होत राहिलं. नीतीच्या चर्चेत आपण मतांबद्दल फार बोलतो. परवाने, साठा, ड्युटीवरची माणसं, यांच्याबद्दल कमी. रुग्णाच्या वाट्याला जी नीती येते ती पुष्कळदा इथे ठरते.

आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलचा बदल थोडक्यात सांगतो. मी शिकत होतो तेव्हा असा रुग्ण वाचला की शुद्धीवर येताच पोलीस जबाब घ्यायला हजर, कारण भारतीय दंड संहितेच्या कलम 309 खाली तो आरोपी असे. नातेवाईक ‘चुकून औषध घेतलं गेलं’ असं सांगत आणि आम्ही मान खाली घालून लिहून घेत असू. मुंबई उच्च न्यायालयाने 1986 मध्येच, मानसिक आजार असलेल्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यात, न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये तेच म्हटलं आणि 1996 मध्ये फिरवलं. शेवटी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षेऐवजी उपचार आणि आधार मिळावा असं मानलं, आणि 2024 पासूनच्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम त्या रूपात राहिलंच नाही. आयसीयूतल्या सिस्टरला हे कितीतरी आधी कळलेलं होतं की समोर पडलेला गुन्हेगार नाही, आजारी आहे.

आता सोयीच्या बाजूला येतो. काळ बदलला की नीती सुधारतेच, असं भावाला वाटत असेल तर त्याला महाराष्ट्राचं 1980 चं दशक दाखवा. गर्भजल परीक्षा जन्मदोष शोधायला आली, पण तिच्यातून मुलगा की मुलगी हेही कळायचं. मुंबईत तिच्या उघड जाहिराती लागल्या, आज थोडे पैसे खर्च करा आणि पुढचा हुंड्याचा खर्च वाचवा अशा आशयाच्या. शिकलेल्या, सुस्थितीतल्या, सणवार पाळणाऱ्या घरांनी मुलींचे गर्भ पाडले आणि त्याला ‘फॅमिली प्लॅनिंग’ म्हटलं. इथेही तेच घडलं: नवी वस्तू आली आणि आधी दवाखान्यातली माणसं बदलली. 1971 चा गर्भपात कायदा बाईच्या जिवाच्या काळजीतून आला होता. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीने त्याची शिफारस केली होती. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, त्या वाचाव्यात म्हणून. तीच सवलत मुली नकोत म्हणून वापरली गेली. बायकांच्या संघटनांनी मुंबईत रान उठवलं, 1988 मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी लिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, 1994 मध्ये केंद्राने केला. तरी महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली 1991 मध्ये 946 होत्या, त्या 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 वर आल्या.

त्या बदलातही कुणालातरी हायसं वाटत होतं. सासऱ्याला, नवऱ्याला, हुंड्याच्या हिशेबाला. ज्या जिवाबद्दल निर्णय होत होता त्याच्या बाजूने खोलीत कुणी नव्हतं. उलट 2008 मध्ये मुंबईतल्या एका गर्भवतीने, बाळाच्या हृदयात गंभीर दोष आहे म्हणून, वीस आठवड्यांची मुदत ओलांडल्यावर गर्भपाताची परवानगी मागितली आणि उच्च न्यायालयाने ती नाकारली. ती आई सोयीसाठी आली नव्हती. 2021 मध्ये कायदा बदलला, काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत 24 आठवड्यांपर्यंत गेली आणि गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळाच्या मताने त्याही पुढे. बाहेरून दोन्ही गोष्टी ‘गर्भपात’. आतून त्यांचं एकमेकींशी काही नातं नाही.

हाच फरक आयसीयूच्या दारात रोज दिसतो, आणि तुमच्या प्रश्नात मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. आमच्या भाषेत एक शब्द आहे, ‘डामा’: डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेणं. खरं तर अनेकदा डॉक्टरांनाही कळलेलं असतं की आता उपयोग नाही, पण कुणी स्पष्ट बोलत नाही. दागिने गेलेले, उधारी झालेली, बिल वाढतंय. एके दिवशी कुटुंब सही करून अँब्युलन्समध्ये अंबू बॅग, म्हणजे हाताने हवा देणारी पिशवी, दाबत माणूस घरी नेतं आणि नळी काढली की तो धापा टाकत जातो. मॉर्फिन नाही, झोपेचं औषध नाही, शेजारी डॉक्टर नाही. त्या घरातला मुलगा पुढे आयुष्यभर स्वतःला विचारतो, मी बाबांना मारलं का? अशी मुलं पुढे माझ्याकडे आली आहेत. पैसे संपले म्हणून थांबणं आणि उपाय संपले म्हणून थांबणं, यांत नळी तीच असते. या शहरात पहिलं सर्रास चालतं आणि त्यावर कुणी नीतीची चर्चा करत नाही. दुसऱ्याला मात्र खून म्हणतात. मला हे फार टोचतं.

म्हणून आत्यांशी बोलताना ‘काळ बदललाय’ हे वाक्य वापरू नका. त्यांना तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या करून सांगा. विषारी इंजेक्शन देऊन माणसाला मारणं भारतात गुन्हा आहे आणि कुणी तसं सुचवलेलं नाही. नेदरलँड्स, बेल्जियममध्ये 2002 पासून ते कायदेशीर आहे, आपल्याकडे नाही. दुसरी गोष्ट डामा. आणि तिसरी, जी डॉक्टर सुचवत आहेत: आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणं, वेदनेला नाही. यात आधी मॉर्फिन आणि गुंगीचं औषध देऊन धाप लागणार नाही याची खात्री केली जाते. घशातला घरघराट कमी करायचं औषध देतात, मॉनिटरचे आवाज बंद करतात, मशीनचा आधार टप्प्याटप्प्याने उतरवतात. घरच्यांना जवळ बसू देतात. कुणी काही मिनिटांत जातं, कुणी काही दिवस घेतं. अंग पुसणं, तोंड ओलं करणं, कूस बदलणं, यांतलं काहीही थांबत नाही. आत्यांना गंगाजल द्यायचं असेल तर द्या. चांगल्या आयसीयूत सिस्टर स्वतः जागा करून देतात.

कायदा आता याच्या बाजूने आहे. 9 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण तेव्हा घालून दिलेली पद्धत इतकी किचकट होती की प्रत्यक्षात ती राबवणं जवळजवळ अशक्य होतं. 24 जानेवारी 2023 ला ती सोपी केली. आता उपचार करणारे डॉक्टर आणि दोन अनुभवी तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ रुग्णालय नेमतं. त्यांचं मत झाल्यावर वेगळ्या तीन डॉक्टरांचं दुसरं मंडळ तपासतं, त्यात एक जण जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला असतो. दोन्हींनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं. कुटुंबाची संमती लागते, आणि अंमल करण्याआधी दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वडिलांनी आधी काही लिहून ठेवलं नसलं तरी हा मार्ग खुला आहे.

तुम्ही रुग्णालयाकडे फॅमिली मीटिंग मागा, कॉरिडॉरमध्ये उभ्याने बोलू नका. आत्यांना त्या बैठकीत बसवा, त्यांच्या पाठीमागे निर्णय घेऊ नका. डॉक्टरांना विचारा: सर्वांत चांगलं झालं तर बाबा कुठवर येतील? घरच्यांना ओळखतील का, स्वतःच्या हाताने जेवतील का? ते कळायला अजून किती दिवस लागतील? उत्तर अनिश्चित असेल तर ठरावीक मुदतीसाठी उपचार चालू ठेवून पुन्हा बसायचं, हाही पूर्ण सन्मानाचा मार्ग आहे. त्यासाठी ट्रॅकिओस्टॉमी केली तरी पुढे थांबण्याचा रस्ता बंद होत नाही. मग घरच्यांनी एकमेकांना विचारायचं की बाबा या खोलीत आपल्यासारखे बसले असते तर त्यांनी काय मागितलं असतं. आत्या बाबांच्या बहीण आहेत. बाबांचं लहानपण त्यांनी पाहिलंय, म्हणून याचं उत्तर कदाचित तुमच्यापेक्षा त्यांच्याकडेच असेल. तुम्हाला दमायला झालंय, पैसे संपत आलेत, हेही मोठ्याने बोला. त्यात पाप नाही. फक्त ते वेगळ्या कागदावर लिहा, म्हणजे बाबांच्या बाजूचा कागद स्वच्छ राहील. पैशाचा प्रश्न असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा अधिकाऱ्यांना गाठा. पालिकेच्या आणि धर्मादाय रुग्णालयांत ते असतात.

दोन्ही मंडळं ‘थांबू नका’ म्हणाली तर उपचार चालू राहतील. दुसऱ्या मंडळाने नकार दिला आणि तुम्हाला तो पटला नाही, तर मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. तोवर ट्रॅकिओस्टॉमीच्या संमतीपत्रावर घाईने सही करायची गरज नाही. एक-दोन दिवस मागून घ्या, तीन आठवड्यांनंतर तेवढा वेळ डॉक्टर सहसा देतात.